शेक नसलेला शेक: जबड्याच्या दुखण्यावर लेझर

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. नागपुरात ती मानेवाड्याला राहते, मी प्रतापनगरला. एरवी तिचा फोन म्हणजे डबा न्यायला ये, नाहीतर भाऊजींची तक्रार. त्या दिवशी आवाज वेगळाच होता, दात न उघडता बोलल्यासारखा. "अरे, तू फिजिक्स शिकवतो ना पोरांना? मग सांग बरं, लाइट लावून दुखणं जाते का?"

दोन महिने तिच्या उजव्या कानाजवळ दुखून राहिलं होतं. सकाळी उठलं की जबडा आखडलेला, जांभई दिली की कट्ट. आधी ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. कान स्वच्छ निघाला. मग एका दवाखान्यात अक्कलदाढेवर ठपका आला, दाढ काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. आता तिसऱ्या ठिकाणी लेझरच्या दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं होतं आणि दहाचे पैसे आधी भरले तर दोन फुकट. त्या फुकटच्या दोननेच तिला शंका आली. "भाजीसोबत कोथिंबीर फुकट देतात ते समजते," ती म्हणाली, "औषध काहून फुकट देतील?"

मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात प्रकाश, भिंगं आणि आरसे शिकवतो. पण प्रश्न प्रकाशाचा होता, त्यामुळे टाळता येईना. महिनाभर वाचलं आणि दंतवैद्य झालेल्या एका जुन्या विद्यार्थिनीला भरपूर छळलं. हाती लागलं ते असं.

आधी सांधा समजून घेऊ. कानाच्या भोकापुढे जो छोटा मांसल उंचवटा असतो, त्याच्या जरा पुढे बोट ठेवा आणि हळूहळू आ करा. बोटाखाली काहीतरी गोल हलतं आणि पुढे सरकतं, तिथे खड्डा पडतो. तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचा वरचा गोळा कवटीच्या खोबणीत बसतो आणि असे दोन सांधे, डावा आणि उजवा, एकाच हाडाने एकमेकांना बांधलेले. एक बिघडला की दुसऱ्याला त्याची चाल सांभाळून घ्यावी लागते.

गुडघा बिजागरीसारखा उघडतो असं आपण ढोबळपणे म्हणतो. जबडा तेवढ्यावर थांबत नाही. तोंड थोडं उघडेपर्यंत गोळा जागच्या जागी फिरतो आणि त्यापुढे तो खोबणीतून निघून उतारावरून पुढे घसरतो. बोलताना, चावताना, गिळताना, जांभई देताना हे दिवसभर चालू असतं. गोळा आणि कवटी यांच्यामध्ये एक चिवट चकती असते, कडेला जाड आणि मधे पातळ. ज्यांनी आजीला डोक्यावर घागर आणताना पाहिलंय त्यांना मी एका शब्दात सांगतो: चुंबळ. घागर हलली की चुंबळही सोबत हलायला हवी. ती जागेवरून पुढे घसरली, तर आ करताना गोळ्याला तिच्या जाड कडेवरून उडी मारून आत शिरावं लागतं. ताईचा तो 'कट्ट' म्हणजे ही उडी. कधी कधी गोळ्याला आत शिरताच येत नाही. मग आवाज बंद होतो आणि त्यासोबत तोंड उघडणंही अर्ध्यावर अडतं. म्हणजे आवाज अचानक थांबला आणि तोंड कमी उघडू लागलं, तर ती सुधारणा समजून पेढे वाटू नयेत.

नुसता आवाज मात्र फार लोकांना असतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्या आवाजावर सहसा काहीही करावं लागत नाही. हे ऐकून माझाच जीव भांड्यात पडला, कारण माझाही डावा सांधा कॉलेजपासून वाजतो.

दुखणं बहुतेक वेळा सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं. दात आवळा आणि गालावर हात ठेवा. जो टणक गोळा येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर हात ठेवून आवळलंत तर तिथेही हालचाल लागेल, म्हणून जबड्याच्या दुखण्याला लोक डोकेदुखी समजतात. आणखी दोन स्नायू जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला असतात, ते बाहेरून हाताला नीट लागत नाहीत. त्यांना लक्षात ठेवा, पुढे लेझरच्या वेळी लागतील.

आणि कान काहून दुखतो? सांध्याची आणि कानाच्या पुढच्या भागाची खबर मेंदूकडे नेणारा मज्जातंतू एकच आहे. मेंदूला निरोप मिळतो, पत्ता चुकतो. हा घोळ जुना आहे. 1934 साली अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने कानाच्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांमध्ये जबड्याच्या सांध्याकडे बोट दाखवलं. त्याने दिलेलं कारण पुढे टिकलं नाही, पण कानाचं दुखणं जबड्याचं असू शकतं ही त्याची नजर टिकली. ताई आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेली यात तिचं काहीच चुकलं नाही. कान तपासून घ्यायलाच हवा होता. चुकलं ते दाढेच्या बाबतीत, आणि ती दाढ आता परत येणार नाही.

माझ्या विद्यार्थिनीने पहिल्याच भेटीत ताईला विचारलं, "काकू, आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का?" टेकलेले होते. जेवताना आणि गिळताना दात भेटतात तेवढेच. बाकी सगळा वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. आपण गाडी चालवताना, मोबाइल बघताना, हिशेब करताना नकळत दात आवळतो. काही जण रात्री झोपेत दात खातात. ताईच्या घरी त्या काळात सासूबाईंचं आजारपण चालू होतं. 'दातओठ खाणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही.

इथे एक आडवळण घेतो. विदर्भात ते घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तोंड उघडत नाही म्हणून कोणी आलं की नागपुरात पहिला प्रश्न जबड्याच्या सांध्याचा नसतो, खर्र्याचा असतो. पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखू-चुन्यातली सुपारी गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ करते. तिखट लागलं की आग होते, गालाची आतली बाजू पांढुरकी पडते, आतून दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, आणि उघडणारं तोंड तीन बोटांवरून दोनवर, दोनवरून एकावर येतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. अशा माणसाच्या गालावर बाहेरून लेझर धरून बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं नाही, धोकाच. घरच्या घरी एक चाचणी करून बघा: तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं उभी, एकावर एक, समोरच्या दातांमध्ये मावतात का? प्रौढ माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं. तीन बोटं मावत नसतील आणि खर्रा चालू असेल, तर सांध्याचा विचार बाजूला ठेवून आधी तोंड आतून दाखवा.

आता प्रकाश. इथे मी माझ्या वर्गात आलो.

रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली, बोटांना चिकटवून धरा. टॉर्चचा प्रकाश पांढरा, पण बोटांमधून बाहेर येतो तो लाल. पांढऱ्यात सगळे रंग होते, त्यातले निळे-हिरवे रक्ताने वाटेतच गिळले आणि लाल तेवढा पार झाला. शरीराच्या बाबतीत प्रकाशाला एक खिडकी आहे, साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीची. त्याच्या अलीकडचे रंग रक्त आणि त्वचेतलं रंगद्रव्य शोषून घेतं, पलीकडचे किरण पाणी शोषतं. या खिडकीत पहिल्यांदा लाल येतो आणि मग डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश. न दिसणारा म्हणजे कसला, हे पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनमध्ये रिमोटच्या तोंडाशी जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. जबड्यावरची यंत्रं याच घराण्यातली, लाल किंवा अवरक्त.

लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने निघालेला, कवायतीत चालल्यासारखा प्रकाश. मात्र त्वचेच्या आत शिरला की ती कवायत मोडते. थोड्याच मिलिमीटरमध्ये प्रकाश सैरावैरा पसरतो. म्हणूनच बरेच अभ्यासक म्हणतात की लेझर हवाच असं नाही, योग्य तरंगलांबीची आणि पुरेशा ताकदीची एलईडीही तेच काम करू शकेल. 'लेझर' हा शब्द पाटीवर जास्त चमकतो, एवढं खरं.

आणि लेझर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कापाकापी येते. ती यंत्रं वेगळी. शस्त्रक्रियेच्या लेझरमध्ये ऊर्जा एका टोकावर इतकी एकवटते की ऊती जळते, तिची वाफ होते. दुखण्यावरच्या लो-लेव्हल लेझरची ताकद साधारण अर्ध्या वॅटच्या आत असते आणि तो लावताना बहुधा काहीच जाणवत नाही, ऊबसुद्धा नाही. फिजिओथेरपीच्या खोलीत त्याला सर्रास 'लेझरचा शेक' म्हणतात, पण हा शेक नसलेला शेक आहे. क्ष-किरणांसारखं पेशीतल्या रेणूंची मोडतोड करण्याइतकं बळही या प्रकाशकणांत नसतं.

याची सुरुवात मजेशीर आहे. पहिला लेझर थिओडोर मेमनने 16 मे 1960 रोजी अमेरिकेत पेटवला, माणिक वापरून. त्यानंतर सात वर्षांनी, 1967 मध्ये, बुडापेस्टमधले डॉक्टर एन्द्रे मेस्टर उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्यावर कमी ताकदीचा माणिक-लेझर सोडत होते. लेझरने शरीराला काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. अपाय तर दिसला नाहीच, उलट प्रकाश दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढे मेस्टर न भरणाऱ्या जखमांकडे वळले. आज या उपचारपद्धतीला फोटोबायोमॉड्युलेशन असं तोंडात न मावणारं नाव आहे. जबडा दुखत असलेल्या माणसाला तेवढं बोलायला लावू नये, म्हणून मी लेझरच म्हणतो.

प्रकाश पेशीत जाऊन करतो तरी काय? सर्वाधिक मानलं जाणारं उत्तर असं: जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या गिरण्या असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्यात एक विकर (एन्झाइम) असतं, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. ते लाल आणि अवरक्त प्रकाश शोषतं. थकलेल्या, सुजलेल्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून त्याचं काम मंदावतं, आणि प्रकाशाने ते सुटतं, अशी मांडणी आहे. गिरणी पुन्हा वेग घेते, सूज वाढवणारे निरोप कमी होतात, दुखण्याची खबर नेणाऱ्या तंतूंची धावपळही काही काळ मंदावते. प्रयोगशाळेत पेशींवर यातलं पुष्कळ दिसलंय. मात्र या एकाच विकराला सगळं श्रेय द्यावं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला तो वाद प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतो. जिथे एकाच वाक्यात सगळं समजावून सांगतात, तिथे मी खिसा चाचपतो.

खरी गोम मात्रेत आहे. प्रकाशालाही मात्रा असते आणि ती ज्यूलमध्ये मोजतात. हिशेब आठवीतला: ताकद गुणिले वेळ. 100 मिलिवॅटचं यंत्र एका जागी 40 सेकंद धरलं की 4 ज्यूल पोचले. तेवढेच ज्यूल एका चौरस सेंटिमीटरवर पडले की गालभर पसरले, यानेही फरक पडतो. आणि इथे 'जेवढं जास्त तेवढं चांगलं' चालत नाही. कमी दिलं तर काहीच होत नाही, बेताचं दिलं तर परिणाम दिसतो, फार दिलं तर तो पुसला जातो किंवा उलटतो. मिठासारखंच. या उपचारावरचे अभ्यास वाचताना माझी सर्वांत मोठी चिडचिड इथेच झाली. एकाची तरंगलांबी एक, दुसऱ्याची वेगळी, कुणी 3 ज्यूल, कुणी शंभरावर, कुणी सांध्यावर तर कुणी स्नायूवर, कुणी चार वेळा तर कुणी बारा. सगळ्यांवर लेबल मात्र एकच. ही म्हणजे 'गोळी घेतली' एवढंच सांगून कोणती, किती ते न सांगण्याची तऱ्हा.

काही यंत्रं अर्ध्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त ताकदीची असतात. ती ऊब देतात आणि एका जागी धरून ठेवली तर भाजू शकतात, म्हणून हात सतत फिरता ठेवावा लागतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त. ते प्रकाश वरच्या वर शोषतं, त्यामुळे पृष्ठभागाला ऊब जास्त आणि खोलवर पोच कमी. गोऱ्या कातडीवर बसवलेला आकडा जसाच्या तसा इथे लावू नये, हे चालवणाऱ्याला ठाऊक हवं.

खोलीचंही तसंच. सांधा त्वचेखाली फार खोल नाही, चावण्याचा स्नायू तर गालावरच आहे. तिथे थोडाफार प्रकाश पोचतो. पण ते आतले दोन स्नायू आठवा, हाडाच्या पलीकडचे. दुखणं तिथलं असेल तर बाहेरून गालावर लावलेला प्रकाश तिथवर जाता जाता जवळपास संपतो.

हे सगळं ताईला फोनवर सांगत होतो, तर मधेच तिने विचारलं, "मग मे महिन्यात गच्चीवर गाल उन्हाकडे करून बसले असते तर?" हसू नका, प्रश्न चोख आहे. दुपारचं ऊन एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 100 मिलिवॅट ओततं आणि त्यातली जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त असते. म्हणजे ताकद अगदीच नगण्य नाही. पण त्यात अतिनील किरण आहेत, पाण्यात मुरून नुसती भाजणारी उष्णता आहे, आणि हे ऊन गालापुरतं पडत नाही, सगळ्या अंगावर पडतं. 45 अंशांच्या नागपुरात जबडा बरा व्हायच्या आधी माणूस मेडिकलला, म्हणजे सरकारी इस्पितळात, भरती होईल.

आता मुद्द्याचं: दुखणं जातं का?

अवरक्त लेझरची एक सोय आहे. तो दिसत नाही आणि जाणवत नाही, त्यामुळे त्याची परीक्षा घेणं सोपं. निम्म्या रुग्णांवर खरा लेझर लावायचा, निम्म्यांवर तेच यंत्र, तोच 'पीं' आवाज, पण प्रकाश बंद. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. असे बरेच अभ्यास झालेत. काहींत खऱ्या लेझरने दुखणं जास्त कमी झालं, तोंड थोडं जास्त उघडलं. काहींत दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. हे 'दोन्ही गटांना बरं वाटलं' फार महत्त्वाचं आहे. बंद यंत्राखाली बसलेल्यांनाही आराम पडला! यात लबाडी कुणाची नाही. जबड्याचं दुखणं स्वभावानेच चढ-उताराचं असतं, आपण दवाखान्यात जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेवरून पुढे उतारच असतो. शिवाय कुणीतरी आपल्याला निजवून, गालाला हात लावून, दहा मिनिटं लक्ष देतं. आवळलेला जबडा तेवढ्यानेही सैल पडतो.

2023 च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी मांडल्या. जुनाट म्हणजे तीन महिने किंवा जास्त. लो-लेव्हल लेझर त्यांनी 'सशर्त नको' या रकान्यात टाकला. अर्थ असा की तो घातक म्हणून नव्हे, तर मिळणाऱ्या फायद्याची खात्री कमी आणि खर्च-खेपा मात्र नक्की, म्हणून बहुतेक समजदार रुग्णांनी तो निवडू नये असं त्यांना वाटलं; एखाद्याने विचार करून निवडला तर हरकत नाही. दंतवैद्य सर्रास देतात ती दातांवर बसवायची, काढता-घालता येणारी प्लेटही याच रकान्यात आहे, हे वाचून माझी विद्यार्थिनी थोडी गप्प झाली. आणि 'नक्की करा'च्या रकान्यात काय? प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, मान-पाठीची ठेवण सुधारणारे व्यायाम, स्नायूतल्या दुखऱ्या गाठींवर हाताने दिलेला दाब, आणि दुखण्याकडे पाहण्याची मनाची सवय बदलवणारं समुपदेशन. एकालाही प्लग लागत नाही.

मग हा उपचार सगळीकडेच असा लटकलेला आहे का? नाही. कर्करोगासाठी डोक्या-मानेवर किरणोपचार घेणाऱ्यांच्या तोंडात भयंकर फोड येतात, पाणी गिळवत नाही. ते टाळण्यासाठी तोंडाच्या आत हाच सौम्य प्रकाश ठरावीक मात्रेत देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेली आहे. तिथे पुरावा बराच भक्कम. आपल्या शहरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या दारात उभं राहिलं की तोंडाचा कर्करोग किती घरांत शिरलाय ते दिसतं, म्हणून ही माहिती जबड्याच्या लेखात असली तरी राहू देतो. प्रकाश तोच. फरक असा की तिथे जागा ठरलेली, त्वचा-स्नायूंचा अडसर नाही, मात्रा ठरलेली. जबड्याच्या बाबतीत 'दुखणं' या एका शब्दाखाली चार वेगळे आजार गोळा होतात.

म्हणून लेझरला हो म्हणायच्या आधी ताईने विचारायचे प्रश्न मी तिला एका चिठ्ठीवर लिहून दिले. माझं निदान नेमकं काय, स्नायू की सांधा की चकती? यंत्राची तरंगलांबी किती? एका जागी किती ज्यूल, अशा किती जागा? चार सिटिंगमध्ये फरक नाही पडला तर थांबणार की दहा पूर्ण करणार? सोबत व्यायाम कोण शिकवणार? ती चिठ्ठी घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीने ज्यूलच्या प्रश्नावर सांगितलं, "काकू, मशीन इम्पोर्टेड आहे." ताईने पाकीट पर्समध्ये परत ठेवलं.

ज्यांना नीट उत्तरं मिळतील त्यांनी काय अपेक्षा ठेवावी? खुर्चीत बसवतील, रुग्ण आणि देणारा दोघेही खास चष्मा घालतील. ही गोष्ट बिनमहत्त्वाची नाही. अवरक्त किरण दिसत नसल्यामुळे डोळे आपोआप मिटत नाहीत आणि पडद्याला इजा होऊ शकते. चष्मा नसेल तर तिथून उठा. मग सांध्यावर आणि दुखऱ्या स्नायूच्या ठरावीक बिंदूंवर टोक टेकवतील, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद ते मिनिटभर. आठवड्यातून दोन-तीन खेपा. त्या भागात गाठ असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर लेझर लावायचा नाही. उन्हाने अंगावर चट्टे आणणारी औषधं चालू असतील तर आधी सांगायचं. चांगला फिजिओथेरपिस्ट लेझरला व्यायामाची जागा देत नाही. दुखणं थोडं उतरलं की त्या वेळात जबडा नीट हलवायला शिकवतो. एवढ्यापुरता वापर मला पटतो.

काही दुखण्यांत मात्र या सगळ्यात वेळ घालवू नये. जबडा दुखतोय, सोबत छाती जड, घाम, धाप: ते हृदयाचं असू शकतं, थेट इस्पितळ. पन्नाशीनंतर कानशिलात नवीनच डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं आणि नजरेत धूसरपणा: रक्तवाहिनीच्या सुजेत डोळा जाऊ शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. ताप आणि सूज, चेहऱ्यावर बधिरपणा, जबडा उघडाच अडकून बसणं, यांनाही थांबायचं नसतं.

ताईला मी मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं, ओरल मेडिसिनच्या ओपीडीत. रांग लांब होती. तरुण डॉक्टरने गालाचा स्नायू दाबला तेव्हा ताई ओरडली, "हेच! हेच दुखून राहिलं!" निदान: मुख्यतः स्नायूचं दुखणं, चकती जराशी घसरलेली. उपाय इतके साधे की भाऊजी रांगेत घालवलेल्या वेळावर चिडले. सहा आठवडे कडक-चिवट बंद, म्हणजे भुट्टा, चिक्की, सावजीतली हाडं नाहीत. खिचडी, मऊ भात, भिजवलेले पोहे चालतील. गरम पाण्याच्या पिशवीचा खराखुरा शेक दिवसातून दोनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. आणि जीभ: 'न' म्हणताना तिचं टोक टाळूला जिथे टेकतं तिथेच ठेवायचं. तसं ठेवलं की दात आपोआप सुटतात. जीभ तिथेच ठेवून हळू आ करायचं आणि मिटायचं, सहा वेळा, दिवसातून सहा वेळा. ताईने फ्रिजवर, देवघरात आणि मोबाइलच्या मागे 'न' लिहून चिकटवला. सासूबाईंना वाटलं पोरांची बाराखडी घेऊन राहिली.

तिसऱ्या आठवड्यात तिने ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे लेझरच्या चार सिटिंगही घेतल्या, चष्मा घालून, ज्यूल विचारून. दुखणं दीड महिन्यात बरंचसं उतरलं. कशाने, ते मी सांगू शकत नाही, आणि एकट्या ताईवरून कुणीच सांगू शकणार नाही. ती अर्धं श्रेय 'न'ला देते, अर्धं लेझरला, आणि दिवाळीआधी सासूबाई हिंडू-फिरू लागल्या त्याचं श्रेय कुणालाच देत नाही. कट्ट आवाज अजून येतो. परवा फोनवर तिने मुद्दाम ऐकवला.